पडद्यामागचे स्पीकर

१९८४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्याचा निकाल दिला. स्पीकरमधून येणारा वाद्याचा आवाज खोलीभर भटकतो की समोरच्या भिंतीलगत इकडून तिकडे सरकतो, हा त्यातला वादाचा मुद्दा होता. ज्या लेखावरून वाद पेटला तो मे १९७०मध्ये छापून आला होता. म्हणजे १४ वर्षं, दोन पायऱ्यांची न्यायालयं आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाचे ९ न्यायाधीश, एवढा फौजफाटा एका वाक्यामागे लागला होता.

लेख होता 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या मासिकातला. हे मासिक जाहिराती घेत नाही. वस्तू बाजारातून स्वतः विकत आणतं, तपासतं आणि ग्राहकाला सल्ला देतं. त्या अंकात स्टिरिओ स्पीकरांची तुलना होती आणि त्यात बोस कंपनीचा '९०१' हा दोन वर्षांपूर्वी बाजारात आलेला स्पीकर होता. त्याची घडण जगावेगळी. एका पेटीत नऊ छोटे ड्रायव्हर (आवाज उमटवणारे भाग), त्यातला एकच ऐकणाऱ्याकडे तोंड केलेला, बाकीचे आठ मागच्या भिंतीकडे वळवलेले. सभागृहात आपल्या कानावर पडणारा बराचसा आवाज भिंतींवरून परतून येतो, तसा तो घरातही यावा, ही त्यामागची कल्पना. मासिकाच्या परीक्षकांना मात्र वाद्यं अवाढव्य झाल्यासारखी वाटली आणि त्यांचा आवाज खोलीत हिंडतो असं लेखात छापून आलं. कंपनीने दावा ठोकला. कोर्टात मासिकाच्या इंजिनिअरने सांगितलं, की त्याला भिंतीलगतची हालचाल अभिप्रेत होती. मग लिहिलं तसं का? खालच्या न्यायालयाने मासिकाला दोषी धरून सुमारे १ लाख १५ हजार डॉलरची भरपाई ठरवली, अपिलात ती रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी मासिकाची बाजू उचलून धरली. ऐकलेलं शब्दांत मांडताना माणूस शब्द चुकू शकतो, तेवढ्यावरून त्याने जाणूनबुजून खोटं लिहिलं असं ठरत नाही, असा निकालाचा आशय.

कायद्याच्या पुस्तकांत हा खटला वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या प्रकरणात येतो. मला तो इथे हवा आहे तो दुसऱ्याच कारणासाठी. कंपनीचे संस्थापक अमर बोस यांचे वडील बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांच्या तुरुंगाचा अनुभव घेऊन अमेरिकेला पोचलेले. मुलगा एमआयटीत शिकला. तिथे १९५६च्या सुमारास त्याने तांत्रिक आकडे नीट वाचून, पारखून एक भारी संगीतयंत्रणा विकत घेतली आणि घरी लावल्यावर त्याची घोर निराशा झाली. कागद सांगत होता ते कानाला पटेना. पुढचं सगळं संशोधन आणि १९६४ची कंपनी त्या निराशेतून आली. म्हणजे खटल्यातल्या वादीची सुरुवात आकड्यांवर विसंबून फसण्यातून झाली होती आणि प्रतिवादी अडकला होता तो कानांवर विसंबून. ज्यांचा हा रोजचा धंदा, त्यांची ही गत.

आता दोन-चार लाखांपासून पंधरा-वीस लाखांपर्यंत खर्च करून स्पीकरची जोडी घ्यायला निघालेल्या गृहस्थाकडे पाहू. फ्रिज किंवा गाडी घेताना तो चार मॉडेलं पारखतो. इथे त्याला चार मॉडेलं एका छताखाली मिळतच नाहीत. महाग स्पीकरांचे वितरक मोजके, एकेका ब्रँडचा हक्क एकेकाकडे. एक जोडी अंधेरीला ऐकायची, दुसरी दक्षिण मुंबईत आणि तिसरी, जिचं परीक्षण वाचून हा सगळा खटाटोप सुरू झाला, ती बंगळूरला. अंधेरीच्या दुकानातून निघून दक्षिण मुंबईत पोचेपर्यंत दीड तास गेलेला असतो, डोक्यात हॉर्नचे आवाज भरलेले असतात आणि पहिल्या जोडीचा आवाज नेमका कसा होता हे सांगायला उरलेलं असतं फक्त एक विशेषण. 'मोकळा' किंवा 'भरीव' किंवा 'जरा कोरडा'. आवाजाचे बारीक तपशील स्मरणात काही सेकंदच ताजे राहतात. त्यानंतर आपण तुलना करतो ती दोन विशेषणांची.

दुकानात शिरल्यावर काय होतं तेही जवळून पाहण्यासारखं आहे. जाड गालिचा, भिंतींवर कापडी पॅनेल, एसीची मंद घरघर, मधोमध एकच सोफा. चहा येतो. तोवर विक्रेता टॅबवर बोट फिरवून गाणं निवडतो आणि ते बहुतेक वेळा ठरलेलंच असतं: ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं १९९४चं मैफलीतलं रेकॉर्डिंग. गिटारीच्या तारा छेडल्या जातात, मग तालवाद्याचा तो खोल 'धम्म' येतो, आणि गिऱ्हाइकाची मान आपोआप हलते. कुठल्याही धडक्या स्पीकरवर हे रेकॉर्डिंग छान वाजतं. दुकानदाराने ते निवडलं त्याचं कारण तेच. त्यातून या स्पीकरचे गुण कळतात, पण वैगुण्य फारसं कळत नाही. शेजारी ठेवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची किंमत स्पीकरांइतकीच असते. तो तुमच्या घरी नसतो, ही गोष्ट त्या 'धम्म'च्या भरात मनात येत नाही.

पूर्वी, विशेषतः परदेशी दुकानांत, एका भिंतीवर वीस-पंचवीस स्पीकर मांडलेले असत आणि बटण दाबून हा की तो, असं ऐकता येई. सोय मोठी होती, पण त्यातही गोम होती. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने हट्ट धरला, की ऐकवण्याच्या खोलीत फक्त एकच जोडी असावी, कारण बंद असलेल्या स्पीकरांचे पडदेही वाजणाऱ्या संगीताबरोबर थरथरतात आणि आवाज बिघडवतात. या परिणामाचं वजन किती यावर वाद घालता येईल, पण बटणांच्या भिंतीतला खरा घोळ वेगळा होता. एकाच व्होल्टेजवर सगळे स्पीकर सारख्या जोराने वाजत नाहीत. एकाची संवेदनशीलता ८४ डेसिबल, दुसऱ्याची ९० डेसिबल असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरची चावी तिथेच ठेवून बटण दाबलं की दुसरा ६ डेसिबलने मोठा वाजतो. पहिल्याला तेवढ्या पातळीवर आणायला चौपट वॅट लागतात. आणि मोठा वाजणारा जिंकतो.

तो का जिंकतो, याचा पाया बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच घालून ठेवला आहे. आपला कान सगळ्या स्वरांना सारखी दाद देत नाही. आवाज हळू असेल तर खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही. आवाज वाढवत गेलं की खर्ज इतर स्वरांपेक्षा जास्त वेगाने वर येतो. त्यामुळे मोठा वाजणारा स्पीकर नुसता मोठा वाटत नाही, तो अधिक भरदार वाटतो. यातला सगळ्यात फसवा फरक एखाद्या डेसिबलचा. ६ डेसिबलचा फरक कुणीही ओळखेल. एक डेसिबल आवाज वाढल्याचं आपल्या लक्षातही येत नाही, पण गायिकेचे शब्द अधिक स्पष्ट आले, तंबोरा जास्त खुलला असं मात्र वाटून जातं. म्हणून प्रयोगशाळेत तुलना करताना पातळ्या मीटर लावून जुळवतात. दुकानात हे काम करणारा विक्रेता मी अजून पाहिलेला नाही. तो लबाडी करतो असं म्हणायचं नाही. त्याला कुणी मीटर मागितलेलाच नसतो.

पातळी जुळवली तरी डोळे उरतात. या विषयातलं सर्वांत मोलाचं काम फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञाचं. ओटावातल्या कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं माणसांना पडद्याआडचे स्पीकर ऐकवून गुण द्यायला लावले आणि त्याच स्पीकरांची मोजमापंही घेतली. १९८५-८६मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधांतला निष्कर्ष अनेकांना रुचला नाही. आवड ही ज्याची त्याची असते, संगीताच्या आवाजाला माप नसतं, असं सगळे धरून चालले होते. पण स्पीकर दिसत नसला की माणसांची मतं आश्चर्य वाटावं इतकी जुळत होती. रॉक ऐकणारा आणि बाख ऐकणारा, दोघांनाही साधारण तेच स्पीकर आवडत होते.

१९९१मध्ये टूल अमेरिकेतल्या हारमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत गेले. तिथे त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या सगळ्या वाङ्मयातला सर्वांत बोलका वाटतो. श्रोते होते कंपनीचेच ४० कर्मचारी. स्पीकर चार: तीन मोठे, देखणे, महाग, चौथा म्हणजे सबवूफरसकट येणारा प्लास्टिकच्या पेट्यांचा छोटा, स्वस्त संच. आधी पडद्याआडून ऐकवलं. छोटा संच मोठ्यांच्या फारसा मागे पडला नाही. मग पडदा काढून तेच स्पीकर, तीच गाणी, तीच माणसं. आता देखण्या लाकडी पेट्यांचे गुण वाढले आणि बिचाऱ्या प्लास्टिकचे धाडकन कोसळले. अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत.

इथवर कुणालाही कल्पना करता येईल. पुढचा भाग जास्त गमतीचा आहे. स्पीकरांच्या जागा बदलून पुन्हा ऐकवल्यावर, पडदा असताना श्रोत्यांचे गुण बदलत होते, कारण जागा बदलली की आवाज खरोखरच बदलतो. पडदा नसताना मात्र जागा बदलूनही गुण जवळपास तेच राहिले. समोर दिसणाऱ्या पेटीबद्दलचं मत एवढं पक्कं झालं होतं, की आवाजात खराखुरा फरक पडला तरी कान त्याची नोंद घेईना. किंमत आणि रूप पाहिल्यावर आपण नसलेलं ऐकतो ही अर्धीच गोष्ट. असलेलं ऐकणंही थांबवतो. शोरूममध्ये बसलेल्या गृहस्थाला पियानोसारखी लखलखीत पेटी दिसत असते, किंमत पाठ असते, परीक्षणातली दोन वाक्यंही पाठ असतात. त्याने कितीही डोळे मिटले तरी हे काही पुसलं जात नाही.

हारमनने यावर काढलेला तोडगा पाहिला की सामान्य ग्राहकाची असहायता पुरती उमगते. लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला त्यांनी एक खोली बांधली. समोर आवाज आरपार जाऊ देणारा काळा पडदा, पडद्यामागे हवेच्या दाबावर चालणारं यंत्र. बटण दाबलं की एक स्पीकर मागे सरकतो आणि दुसरा नेमका त्याच जागी येऊन उभा राहतो, सुमारे तीन सेकंदांत. जागा तीच, पातळी तीच, स्मरणातला आवाज अजून ताजा आणि डोळ्यांना काही दिसत नाही. दोन स्पीकरांची रास्त तुलना करायला एवढं लागतं. यातली एकही सोय दुकानात नसते आणि घरी करायची म्हटली तर घरचे आपल्यालाच पडद्याआड बसवतील.

मात्र काळा पडदा आणि सरकतं यंत्र मिळालं तरी एक प्रश्न शिल्लक राहतोच: खोलीचा. पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटचा हॉल घेऊ. लांबी १५ फूट, रुंदी ११, उंची साडेनऊ. आपल्या हवामानात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४८ मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अर्धी लहर नेमकी मावेल त्या कंपनसंख्येला खोली स्वतःच घुमते. हिशेब केला तर या हॉलला लांबीमुळे ३८, रुंदीमुळे ५२ आणि उंचीमुळे ६० हर्ट्झच्या आसपास घुमण्याची खोड आहे, आणि त्यांच्या पटींतही. या जागांवर स्पीकर जे देतो त्यापेक्षा कितीतरी जास्त किंवा कितीतरी कमी आवाज आपल्या कानापर्यंत पोचतो; किती, ते आपण कुठे बसलो यावर ठरतं. ३८ हर्ट्झचा स्वर हॉलच्या मध्यावर जवळपास नाहीसा होतो आणि भिंतीपाशी फुगतो. आपल्या घरांत सोफा भिंतीला टेकलेला असतो. स्पीकरही जागा वाचवायला कोपऱ्यात जातात. म्हणजे घुमारा सर्वांत जास्त उठवणारी जागा स्पीकरची आणि तो सर्वांत जास्त ऐकू येणारी जागा आपली. मग दुकानात खर्ज 'कमी' वाटल्यामुळे नाकारलेला छोटा स्पीकरच या घरात अधिक शहाणा ठरला असता.

अशा आकाराच्या खोलीत ढोबळमानाने २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीचंच राज्य चालतं. ही सीमा आपल्या संगीताच्या भाषेत कुठे येते ते पाहा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा सुमारे २०८. डग्ग्याचा घुमार, पखवाजाची थाप, ढोलाचा ठोका हे सगळं त्याखालचं. म्हणजे प्रश्न फक्त पाश्चात्त्य ऑर्गनच्या अतिखर्जाचा नाही, ख्यालगायकाचा षड्जच खोलीच्या हातात आहे. दुकानाची खोली मोठी, गालिचा-पडद्यांनी मऊ केलेली; घरी टाइल्सची फरशी, गुळगुळीत भिंती आणि सरकत्या काचांची भलीमोठी खिडकी. दुकानाच्या दिव्यांत साडीचा रंग फसवतो म्हणून आपण ती दाराशी उजेडात नेऊन पाहतो. साठ-साठ किलोचे दोन स्पीकर दाराशी कोण नेणार?

परीक्षेला कोणतं संगीत लावायचं हाही एक चकवा आहे. हारमनच्या चाचण्यांत दोष पकडायला सर्वांत उपयोगी पडला तो पिंक नॉइज, म्हणजे धबाबा पावसासारखा एकसारखा आवाज, ज्यात खर्जापासून तारापर्यंत सगळं सतत भरलेलं असतं. त्याच्या खालोखाल ट्रेसी चॅपमनचं १९८८चं 'फास्ट कार' हे गाणं. रेकॉर्डिंग विलक्षण आहे म्हणून नाही. गिटार, आवाज, ड्रम मिळून त्यात सगळ्या पट्ट्या भरलेल्या आहेत म्हणून. आपल्याकडे लोक जिवापाड जपलेली मैफल घेऊन जातात. तिथे सावध राहायला हवं. जुन्या ७८च्या तबकड्यांत किंवा रेडिओच्या फितींत तार स्वरांची पोच मर्यादित आणि खरखर भरपूर. ज्या स्पीकरची वरची पट्टी मंदावलेली आहे तो ही खरखर झाकतो आणि रेकॉर्डिंग 'गोड' वाटतं. पसंती मिळते ती त्या उणिवेला, आणि आपण समजतो की याला आपलं संगीत कळतं.

तंबोरा मात्र मी जरूर ऐकवून घेईन, नुसता, गाण्याशिवाय. सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात दाखवलं, की तार जिथे छेडाल तिथे ज्यांचा निश्चल बिंदू येतो ते उपस्वर युरोपीय नियमाप्रमाणे गायब व्हायला हवेत, पण तंबोऱ्यात ते हजर असतात. ही करामत रुंद घोडीची आणि जवारीच्या दोऱ्याची. उपस्वरांची ही दाट रांग वरपर्यंत जाते आणि तंबोरा मिनिटांमागून मिनिटं तसाच वाजत राहतो, त्यामुळे दोन स्पीकरांत तुलना करताना गाण्याच्या चढउतारांनी लक्ष विचलित होत नाही. मध्य आणि तार पट्टीतली खोट त्यात लगेच कळते. खर्जाबद्दल तो काही सांगणार नाही, तेवढी त्याची मर्यादा.

पण रेकॉर्डिंग बरोबर आहे हे तरी कशावरून? ते ज्या स्टुडिओत जुळवलं गेलं तिथेही स्पीकरच होते. १९७८मध्ये आलेला यामाहाचा पांढऱ्या पडद्याचा 'एनएस-१०' जगभरच्या स्टुडिओंत टेबलावर बसलेला असे. त्याची वरची पट्टी इतकी टोचायची, की काही इंजिनिअर त्याच्या ट्वीटरवर (तार स्वरांच्या ड्रायव्हरवर) टिश्यू पेपर चिकटवून काम करत. त्या टिश्यूमधून गाळून पसंत केलेली गाणी आपण घरच्या स्पीकरचा खरेपणा तपासायला वापरतो. स्पीकर पारखायचे रेकॉर्डिंगवरून आणि रेकॉर्डिंग बेतायचं स्पीकर ऐकून. टूल यांनी या चक्राकडे वारंवार बोट दाखवलं आहे.

मग सरळ जिवंत गायकाशीच तुलना का करू नये? एडिसनच्या कंपनीने १९१५पासून दहाएक वर्षं हेच केलं. रंगमंचावर गायिका आणि शेजारी तिचीच तबकडी वाजवणारा फोनोग्राफ. मध्येच दिवे घालवायचे आणि प्रेक्षकांनी ओळखायचं, की आत्ता कोण गातंय. लोक फसत, टाळ्या वाजवत. त्यातली एक गायिका ॲना केस हिने पुढे म्हातारपणी सांगून टाकलं, की ती मुद्दाम यंत्रासारखा आवाज काढत होती. ती गळा मोकळा सोडून गायली असती तर तबकडीची काय पत्रास होती!

एवढं सगळं वाचून स्पीकरचा नादच सोडावा असं वाटेल. तशी वेळ नाही, कारण गेल्या वीस वर्षांत मोजमापांची विश्वासार्हता खूप वाढली आहे. बोस यांना फसवणारे १९५६चे आकडे आणि आजची मापं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुन्या कागदावर एक आलेख असे, स्पीकरच्या अगदी समोर माइक ठेवून घेतलेला. आज अमेरिकेच्या प्रमाणित पद्धतीत स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळांत दर १० अंशांवर, एकूण ७० ठिकाणी मोजणी होते. त्यातून समोर थेट येणारा आवाज, भिंती-छतावरून लगेच परतणारा आवाज आणि खोलीभर पसरणारी एकूण ऊर्जा असे वेगळे आलेख निघतात. हे सगळे आलेख सपाट किंवा संथपणे उतरते असतील तर स्पीकर पडद्याआड चांगले गुण मिळवतो. ऑलिव्ह यांनी २००४मध्ये ७० स्पीकरांच्या मापांवरून (७० हा आकडा दोनदा आला हा योगायोग) श्रोत्यांच्या पसंतीचा अंदाज बांधला, तो प्रत्यक्ष गुणांशी ०.८६ इतका (१ म्हणजे तंतोतंत) जुळला. त्याच संशोधनात त्यांनी 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने तपासलेले १३ छोटे स्पीकर पडद्याआड ऐकवले आणि मासिकाने दिलेल्या 'अचूकते'च्या गुणांचा श्रोत्यांच्या पसंतीशी काहीही संबंध लागला नाही. हे मासिक फक्त एकूण ऊर्जेला वजन देत होतं. म्हणजे १९७०च्या लेखात वाद ओढवला तो कानांमुळे, तर या वेळी मासिक चुकलं ते मापामुळे. माप घेतलं म्हणजे झालं असं नसतं, योग्य ते माप लागतं.

ऑलिव्ह यांच्या गणितात एक गोष्ट खरेदीदाराने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. पसंतीत खर्जाचा वाटा सुमारे ३० टक्के निघाला. नेमका हाच भाग घरची खोली सर्वांत जास्त बदलते, त्यामुळे आलेख वाचून तो ठरवता येत नाही आणि दुकानात ऐकून तर नाहीच. उलट मध्य आणि तार पट्टीत स्पीकरचा मूळ स्वभाव टिकून राहतो, तिथे आलेख कामाला येतात. आणि वय. भारी स्पीकर परवडायला लागतात ते साधारण पन्नाशीनंतर, तेव्हा कान उताराला लागलेले असतात. ऐकू कमी येणाऱ्या श्रोत्यांचे गुण एका चाचणीतून दुसरीत बदलत राहतात, हे टूल यांच्या कामात स्पष्ट दिसलं होतं. त्यामुळे पंचवीस वर्षांच्या लेकीला किंवा भाच्याला बरोबर नेण्यात कमीपणा नाही.

दुकानदार आणखी एक सांगतो: स्पीकर शंभर-दोनशे तास वाजला की 'उघडतो'. नव्या ड्रायव्हरच्या कडा थोड्या सैलावतात हे खरं, पण तो बदल लहान आणि लवकर होणारा. तेवढ्या तासांत बदलतात ते आपले कान. नावडता आवाजही महिनाभरात अंगवळणी पडतो आणि तोवर परत करण्याची मुदत टळलेली असते.

माझं मत विचाराल तर दुकानात दोन स्पीकरांची तुलना करण्याचा आटापिटा सोडून द्यावा. दुकान हे फक्त नको ते वगळायला वापरावं. त्याआधी प्रमाणित पद्धतीचे आलेख मिळणारी मॉडेलं निवडावीत. जी कंपनी लाखोंच्या वस्तूचा एक आलेखही देत नाही आणि कुणी स्वतंत्रपणे तिचा स्पीकर मोजलेलाही नाही, तिच्यासाठी खिसा उघडायला मला तरी कारण दिसत नाही. दुकानात गेलात तर दोन्हींऐवजी एकाच बाजूचा स्पीकर वाजवायला सांगा, मोनोमध्ये. विक्रेता तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहील, पण स्टिरिओच्या झगमगाटात लपणारे दोष एका स्पीकरवर उघडे पडतात. टूल यांच्या चाचण्यांत श्रोत्यांचा निवाडा मोनोमध्येच जास्त काटेकोर होता. फोनवर आवाज मोजणारं ॲप असेल तर ते चालू ठेवा. ते बिनचूक नसतं, पण एकाच फोनने, एकाच जागेवरून दोन्ही वेळा मोजलं तर पातळीचा मोठा घोळ टळतो.

उरलेली परीक्षा घरीच होते. त्यासाठी दुकानदाराला पहिला प्रश्न सवलतीचा विचारू नका. 'पूर्ण अनामत घ्या, पण जोडी आठवडाभर माझ्या हॉलमध्ये राहू द्याल का?' हे विचारा. महाग स्पीकर विकणारे काही वितरक याला तयार होतात. जो होत नाही, त्याच्याकडून कितीही मोठी सूट मिळाली तरी घेऊ नका.